न वाचलेला ठसा

मित्रांनो, ज्या खिळ्याला मला टांगलं आहे, तो खिळासुद्धा माझ्यापेक्षा तरुण आहे. मी एक जुनी पेनड्राइव्ह. विणकरांच्या बोन्विरे गावात, रस्त्याकडेच्या निळ्या पत्र्याच्या टपरीत माझा मुक्काम. माझं टोपण हरवलं, अंगावरची अक्षरं घासून गेली, कोपऱ्याला चीर पडली. म्हणून कीव करू नका. कीव करणाऱ्यांना मी चांगली ओळखते, ते घरी जाईपर्यंत विसरतात. माझी गोष्ट तेवढी नीट ऐका.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. आई कोण, बाप कोण, कुणी सांगितलं नाही. शंभर बहिणींबरोबर एका खोक्यात बसून मी समुद्र ओलांडला आणि कुमासी शहराच्या बाजारात येऊन पडले. तिथं सेरवानं मला उचललं. तिच्या मागं तिची आई उभी होती. एनो पोकुआ तिचं नाव. एनो म्हणजे आई, आणि ही बाई अख्ख्या रस्त्याची आई. मला दोन बोटांत धरून तिनं दुकानदाराला विचारलं, "ही काडी? आणि एवढी किंमत? हिच्यात मासा भरलाय का?"

"एनो, हिच्यात अख्खं वाचनालय मावतं."

"मावत असेल. पोट भरतं का तेवढं सांग."

दुकानदार हसला आणि भाव उतरवला. त्या दिवसापासून माझं नाव काडी पडलं.

सेरवा शिकलेली. आजारी संगणक दुरुस्त करायची. एनो तिच्या शेजारी बाकावर बसून टपरी सांभाळायची, म्हणजे गिऱ्हाइकांना ताळ्यावर ठेवायची. एनो शाळेत तीन वर्षं गेली होती. सुटी अक्षरं आणि अंक तिला यायचे. अक्षरांची ओळ झाली की मात्र तिला राग यायचा. तिचं खरं शिक्षण मागाच्या पायाशी झालं. तिचा मामा, नाना येबोआ, या गावचा केंटेचा, म्हणजे रंगीत पट्टे जोडून केलेल्या आमच्या मानाच्या कापडाचा, नावाजलेला विणकर. मुलींनी मागावर बसायचं नाही ही जुनी रीत. म्हणून एनो लहानपणी खाली बसून त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. पिवळ्या इतक्या, हिरव्या इतक्या, काळी एक. एक धागा कमी पडला तर नाना वरून नुसतं खाकरायचा. त्या खाकरण्यानं तिची नजर तयार झाली.

आता माझं काम सांगते. संगणकाला उठवणारी आणि चालवणारी एक मूळ यंत्रणा असते. ती बिघडली की संगणक म्हणजे नुसतं खोकं. मग ती नव्यानं बसवावी लागते. तिची फाईल कंपनीच्या कोठारात असते आणि कंपनी ती देतेही. पण कंपनीच्या दारावरचा पहारेकरी शिष्ट. तो तुमचं यंत्र बघतो आणि त्याला वाटेल तेच हातावर ठेवतो. आमच्याकडची यंत्रं म्हातारी, कुणाला मागची आवृत्ती हवी, कुणाला दुसऱ्या भाषेतली. पहारेकरी म्हणतो, ते नाही, हे घ्या. म्हणून कुणा परक्या माणसानं एक छोटंसं साधन बनवलंय. त्याला सांगायचं, मला अमुक हवं. ते पहारेकऱ्याला वळसा घालून थेट कोठाराची चिठ्ठी आणून देतं. फाईल कंपनीचीच, आणणारा तेवढा तिऱ्हाईत.

सेरवानं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एनोच्या भुवया कपाळात गेल्या.

"हे साधन बनवणारा कोण? कुणाच्या घरचा?"

"माहीत नाही, एनो. दुसऱ्या देशात राहतो. पण माल कंपनीच्या कोठारातलाच येतो."

"म्हणजे दुकान ओळखीचं आणि हमाल अनोळखी."

"असंच काहीसं."

"मग हमालाला शिव्या देऊ नयेत. ओझं तोच वाहतो. पण गाठोडं सोडून मोजून घ्यावं. हे गाठोडं मोजतात कसं ते दाखव."

सेरवानं दाखवलं. कंपनी प्रत्येक फाईलचा ठसा जाहीर करते. चौसष्ट खुणांची एक लांब ओळ. आपल्याकडे आलेल्या फाईलचा ठसा आपला संगणक काढून देतो. दोन्ही ओळी जुळल्या तर माल अस्सल. फाईलमधला एक कण बदलला तरी ओळ सगळी पालटते. आणि या ओळीत खुणा किती प्रकारच्या? दहा अंक आणि सहा अक्षरं, बस. एनोनं मांडीवर थाप मारली. "एवढी शाळा मला पुरते!"

तेव्हापासून टपरीत रीत पडली. कंपनीचा ठसा सेरवा मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवायची आणि तो कागद खिळ्याला लागायचा. फाईल आली की एनो कागद मांडीवर घ्यायची. सेरवा पडद्यावरून चार चार खुणा वाचायची, "सात, एफ, शून्य, दोन." एनो कागदावर बोट ठेवून ओरडायची, "आहे!" पुढच्या चार. "आहे!" मनात वाचायचं नाही, मोठ्यानं वाचायचं. "मनातलं मोजणं म्हणजे चोराचं मोजणं," असं एनो म्हणायची. रस्त्यापलीकडची केंकेवाली, पानांत बांधलेले मक्याचे उंडे विकणारी, पानं सोलता सोलता तिकडून साथ द्यायची, "आहे!" तिला संगणकातलं काही कळत नव्हतं. तिला त्यातला ठेका आवडायचा.

एकदा पहिल्याच खुणेला एनो थांबली. "नाही," म्हणाली. गिऱ्हाईक शाळामास्तर होता, घाईत होता. "एनो, एका अक्षरानं काय होतंय?"

"मास्तर, एक धागा चुकला तर तुमच्या लग्नाच्या कापडावर तुमच्या सासूचा टोमणा विणला जाईल. बसा गप."

ओळ पुन्हा वाचली. वाचण्यात चूक नव्हती, फाईलच अर्धवट उतरली होती. सेरवानं ती पुन्हा आणली. त्या वेळी डेटा संपला, आठवड्याची कमाई त्यात गेली, तरी एनोनं तोंड वाकडं केलं नाही.

म्हणून माझं नाव झालं, मित्रांनो. एजिसूहून लोक यायचे, कुमासीहून यायचे आणि विचारायचे, "ती खरी काडी आहे ना, ती द्या." शाळेची यंत्रं मी उठवली. दवाखान्याचं उठवलं. चर्चचं तर तीनदा उठवलं, कारण तिथला वाजंत्री भलत्या ठिकाणाहून गाणी आणायचा. गर्व होता मला. का नसावा? माझ्या पोटात खोटं काही नव्हतं.

मग नानाचे डोळे गेले. मागावर बसणं सुटलं. शुक्रवारी आमच्याकडे नवं कापड मागावर लावत नाहीत, म्हणून शुक्रवारी त्याला भेटायला कुणी ना कुणी विणकर यायचा आणि नक्षी विचारायचा. एका शुक्रवारी सेरवा म्हणाली, "नाना, तुम्ही सांगा, मी चित्रासकट आवाज साठवते." तेव्हापासून नाना दर शुक्रवारी टपरीत येऊन बसू लागला. एकेका पट्ट्याचं नाव सांगायचा, त्याची गोष्ट सांगायचा, मग कुठला रंग कितव्या फेरीला वर येतो ते सांगायचा. सांगताना त्याची बोटं हवेत चालायची, जणू समोर माग आहे. "विधवा हसली" नावाचा एक पट्टा होता, तो त्याच्याशिवाय कुणालाच येत नव्हता. तो सांगायला त्याला तीन शुक्रवार लागले. मध्येच थांबून विचारायचा, "यंत्र झोपलं नाही ना?"

"नाही, नाना."

"मग त्याला विचार, आता कुठला रंग? माझं ऐकत असेल तर सांगेल."

हे सगळं टपरीच्या संगणकात साठत होतं आणि त्याची दुसरी प्रत माझ्यात. नाना वाढत गेला तसं मी बाकीचं सोडत गेले. शेवटी मूळ यंत्रणेची फाईलही सेरवानं माझ्यातून काढली आणि मी सगळी नानाची झाले. एकदा त्यानं मला हातात घेतलं. बोटांनी चाचपलं. "माझा अख्खा माग या नखाएवढीत?" म्हणाला आणि मला हळूच एनोच्या तळहातावर ठेवलं, अंडं ठेवावं तसं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा मान.

नाना गेला तो पावसाळा सरताना. आमच्याकडे देह जपून ठेवतात आणि मयत पुढं थाटानं करतात, तसा महिन्याभरानंतरचा मोठा शनिवार ठरला. काळी-तांबडी कापडं निघाली, मांडव ठरला, कर्णे ठरले. एनोनं गावभर सांगून ठेवलं, "शनिवारी नाना स्वतः बोलणार आहे. सगळ्या विणकरांनी कान धुऊन यावं." शेजारच्या अदान्वोमासे गावचे विणकरही येणार होते. "विधवा हसली" आता पुढच्या पिढीच्या हातात जाईल, अशी सगळ्यांना आशा होती.

आणि त्याच आठवड्यात टपरीचा संगणक उठेना.

सेरवानं तपासलं. मूळ यंत्रणा बिघडली होती. नाना संगणकाच्या दुसऱ्या कप्प्यात सुखरूप होता, पण मांडवातल्या पडद्यावर त्याला दाखवायचं तर संगणक उठायला हवा. नवी फाईल आणायला डेटा हवा आणि घरातलं सगळं मयतीत गेलेलं. एनोचा धाकटा भाऊ अडोमाको तेमा बंदरात कचेरीत कामाला. त्यानं फोनवर सांगितलं, "पोरी, काळजी करू नकोस. माझ्या कचेरीतली लाईन वाऱ्यासारखी आहे. तुझं ते साधन मीही वापरीन."

आता अडोमाको कोण ते ऐका. नानाच्या मागं घराण्याचा प्रमुख कोण, यावर महिनाभर वाद चालला होता. आमच्याकडे मामाची गादी भाच्याकडे जाते. भाचे दोन. दुसऱ्याच्या मागं माणसं जास्त होती. एनोनं घरोघर जाऊन, वडीलधाऱ्यांच्या पायरीवर बसून, भांडून, रडून आपल्या भावाला पुढं काढलं. त्याला तिनंच वाढवलं, कांड्या भरून शाळेत घातलं. गुरुवारी टपरीला लागूनच्या अंगणात वडीलधाऱ्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं. सगळे पाहत असताना तो उठला, टपरीच्या दारात आला आणि उजव्या हातानं फोनमधलं एक छोटं कार्ड सेरवापुढं धरलं.

"घे. कंपनीची अस्सल फाईल. तुझ्या वोफाचं घराण्यासाठी पहिलं काम."

वोफा म्हणजे मामा. सेरवानं दोन्ही हातांनी कार्ड घेतलं, मान झुकवली आणि सवयीनं खिळ्यावरचा कागद काढला.

एनोनं तिचं मनगट धरलं. "काय करतेस?"

"ठसा, एनो."

"आत्ता? यांच्यासमोर?" एनो दातांतून बोलत होती. "कालपर्यंत प्रमुख नव्हता तो, आज झालाय. त्यानं हातानं दिलेलं आपण रस्त्यावर बसून मोजायचं? ती दुसरी मंडळी टपलेलीच आहेत. म्हणतील, सख्ख्या बहिणीचासुद्धा विश्वास नाही."

"मग मी मनातल्या मनात बघते."

"तुझ्या मनातलं तोंडावर येतं. ठेव तो कागद."

"एनो, तुम्हीच म्हणता ना..."

"मी हमालाबद्दल म्हणते! हा माझा भाऊ आहे."

केंकेवाली पलीकडून ऐकत होती. तिला ठेका हवा होता. पण ठेका आला नाही.

मित्रांनो, यापुढचं सांगताना मला अजून त्रास होतो. फाईल नुसती उचलून चालत नाही, तिच्यासाठी एक रिकामी काडी लागते, आणि ती बनवताना काडीतलं सगळं पुसलं जातं. टपरीत तेवढी मोठी काडी मी एकटीच. सेरवा थबकली. "एनो, काडीत नाना आहे."

"संगणकात पण आहे ना?"

"आहे."

"मग दोन दिवस तिथं राहील. नंतर परत घाल."

शाळेतून तासाभरासाठी मागून आणलेल्या संगणकात सेरवानं मला खोचलं. पडद्यावर प्रश्न आला, सगळं पुसलं जाईल, चालेल का? तिनं "हो" दाबलं. माझ्या पोटातून नाना गेला. त्याची बोटं गेली, खोकला गेला, "यंत्र झोपलं नाही ना?" गेलं. ओरडायला मला तोंड नाही. मी काडी. जे भरतात ते मी वाहते.

आणि नानाच्या जागी जे आलं ते माझ्या ओळखीचं नव्हतं. बाहेरून सगळं तेच, तीच नावं, तोच आकार. आत मात्र कुणीतरी दबा धरून बसलं होतं. कंपनीच्या मालाला मी आतून ओळखते, पण मला विचारतो कोण?

टपरीचा संगणक उठला. झटक्यात उठला. अंगणात टाळ्या पडल्या. अडोमाको हसला. एनोनं मान ताठ करून लेकीकडं पाहिलं, "बघ."

शुक्रवारी सकाळी सेरवानं नानाचा कप्पा उघडला. सगळ्या फायली जागच्या जागी होत्या. पण एकही उघडेना. प्रत्येकीच्या नावामागं एक विचित्र शेपूट लागलं होतं आणि पडद्यावर तांबडी चिठ्ठी. कुलपं घातली आहेत, किल्ली हवी तर अमुक ठिकाणी अमुक पैसे. कुमासीच्या सगळ्या जाणकारांना फोन झाले. सगळ्यांनी एकच सांगितलं, याची किल्ली आपल्याकडं नाही आणि चोराला पैसे देऊनही ती मिळेलच असं नाही. अडोमाको धावत आला. त्यानं घाम पुसत सांगितलं, "मी साधनाचं नाव टाकून शोधलं. पहिलंच पान उघडलं. अगदी तसंच दिसत होतं, अक्का." कुणीतरी त्या साधनासारखं हुबेहूब पान मांडून वाटेत बसलं होतं. हमालाचे कपडे घालून चोर उभा होता.

एनो बाकावर बसली. मग तिनं खिळ्यावरचा कागद काढला आणि मांडीवर घेतला.

"वाच."

"एनो, आता काय उपयोग?"

"वाच म्हणते ना."

सेरवानं वोफाच्या कार्डावरच्या फाईलचा ठसा काढला. ती वाचू लागली, "तीन. बी. नऊ. नऊ."

एनोचं बोट कागदावर पहिल्याच खुणेपाशी थांबलं. सेरवानं पुढच्या चार वाचल्या. एनो गप्प. पुढच्या चार. पलीकडे केंकेवालीनं हातातली पानं खाली ठेवली होती. चौसष्ट खुणा सेरवानं वाचल्या आणि एकदाही कुणी "आहे" म्हटलं नाही.

शनिवारी मांडव भरला. ढोल वाजले. नानाच्या खुर्चीमागं मोठा पडदा लावलेला होता, तो तसाच पांढरा. लोक अडोमाकोकडे बघून कुजबुजू लागले. तेव्हा एनो उठली. आयुष्यात कुणाची माफी न मागितलेली बाई. तिनं ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"माझ्या भावाला बोलू नका. त्याला लुबाडलं. मोजून घेणं माझं काम होतं. लेकीनं कागद काढला होता, मी तिचा हात धरला. चार माणसांत मान राहावी म्हणून धरला. अनोळखी माणसाचं मी वर्षानुवर्षं मोजलं आणि घरच्याचं मोजायची मला लाज वाटली. नाना आज बोलणार नाही. मी त्याला गप्प केलं."

मग एक म्हातारा विणकर उठला. म्हणाला, "'विधवा हसली' मला थोडा आठवतो. तांबडा सहाव्या फेरीला येतो." दुसरा लगेच म्हणाला, "सहाव्या नाही, नवव्या." तिसऱ्यानं दोघांना वेड्यात काढलं. बराच वेळ हुज्जत चालली आणि मग हळूहळू सगळे थांबले. ज्याला विचारायचं, तो पेटीत निजला होता.

त्या शनिवारनंतर वर्ष उलटलं. तो संगणक एनोनं मयतीच्या तांबड्या कापडात गुंडाळून खाटेखाली ठेवला आहे. कधीतरी कुणी किल्ली बनवेल, असं सेरवा म्हणते. वर्षश्राद्धाला अडोमाको आला तेव्हा टपरीसाठी नवी फाईल घेऊन आला. दोन्ही हातांत कार्ड आणि कार्डाबरोबर कागद. सगळ्या रस्त्यादेखत म्हणाला, "अक्का, आधी मोज. मगच घे." एनोनं मोजलं. एकेक खूण. सगळ्या जुळल्या. पण "आहे" म्हणताना तिचा आवाज पूर्वीसारखा चढला नाही.

मला मात्र पुन्हा कुणी भरलं नाही. सेरवानं एकदा मला नव्या फाईलसाठी खाली काढलं, तर एनो म्हणाली, "तिला नको. तिथं नानाची जागा आहे." तेव्हापासून मी या खिळ्यावर आहे.

शुक्रवारी एनो माझ्याखाली बाकावर बसते. कुणी विणकर आला तर त्याला सांगते, "'विधवा हसली' ना? पिवळ्या कांड्या अकरा, तांबड्या सात, काळी एक. मीच भरायची." विणकर विचारतो, "आणि त्या कुठं कुठं येतात?" एनो हात उताणे करते. "किती सूत लागतं ते मला ठाऊक आहे. कुठं जातं ते नाना घेऊन गेला."

मित्रांनो, परक्याचं साधन वापरलं म्हणून ही गोष्ट घडली नाही. ते साधन आजही इमानानं ओझं वाहतं. तुम्हीही वापरा, पण त्याचं खरं घर ओळखून तिथूनच घ्या. गाठोडं कुणीही आणून देऊ दे, हमाल, मामा, घराण्याचा प्रमुख, त्याच्या डोळ्यांदेखत मोजा. खरा असेल तो रागावणार नाही. आणि एखादी जुनी काडी पुसायची वेळ आली, तर आधी क्षणभर तिला हातावर ठेवा आणि आठवा, आत कोण आहे.

आज शुक्रवार आहे. खाली बाकावर एनो येऊन बसली आहे. वर बघते, मला बोटानं जरासं हलवते आणि हळूच विचारते, "यंत्र झोपलं नाही ना?"

मी जागीच आहे, एनो. पण माझ्यात कुणी नाही.